रडार नाही तिथे सॅटेलाइटवर भागेल का?

निळंआभाळ:
समुद्राच्या मध्यावर रडार नसतंच आणि जमिनीवर असलं तरी त्याची नजर सरळ जाते, मग कधी डोंगर आड येतो कधी पृथ्वीची गोलाई. ३५ हजार फुटांवरचं विमान साधारण २३० नॉटिकल मैलांवरून दिसेल, तेच हजार फुटांवर असेल तर ४० मैलांतच गायब. आता म्हणतात २०१९ पासून सॅटेलाइटवरून एडीएस-बी मिळतंय, गॅप भरली. मला नाही पटत. एडीएस-बी म्हणजे विमानानेच जीपीएसवरून कळलेली आपली जागा सांगायची, ते गप्प बसलं की संपलं! ८ मार्च २०१४ ला बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या एमएच३७० विमानाचा ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देऊन ओळख आणि उंची सांगणारं यंत्र) बंद झाला आणि कंट्रोलरच्या स्क्रीनवरून विमान गेलं, पण पुढे तासभर ते लष्कराच्या प्रायमरी रडारवर होतं, कारण ते विमानाला काही विचारत नाही, लाट आपटून परत आली की झालं. जिथे शक्य आहे तिथलं प्रायमरी रडार काढू नका एवढंच म्हणणं आहे.

उंचझेप:
दर वादात एमएच३७० येतंच, पण अशी केस किती वेळा होते? भर समुद्रात रडार उभं कशावर करणार ते सांगा आधी. अटलांटिकमध्ये कोसळलेलं एअर फ्रान्स ४४७ बघा, जून २००९, २२८ माणसं गेली. पोझिशन दर १० मिनिटांनी येत होती म्हणून शोधायचं वर्तुळ ४० मैल त्रिज्येचं झालं आणि मुख्य अवशेष सापडायला एप्रिल २०११ उजाडला. दर काही सेकंदांनी जागा कळत असती तर?

पट्टीवाला:
मी कंट्रोलर म्हणून बिनरडारच्या सेक्टरला (आकाशाच्या एका भागाला) बसलोय म्हणून लिहितो. समोर कागदाच्या पट्ट्या, कानात एचएफची (लांब पल्ल्याच्या रेडिओची) खरखर, पायलट सांगणार अमुक पॉइंट इतक्या वाजता, पुढचा इतक्या वाजता, ते पट्टीवर लिहायचं आणि मनातल्या मनात विमानं पुढे सरकवत राहायची. एका लेव्हलला (उंचीला) मागेपुढच्या दोन विमानांत १० मिनिटं, म्हणजे जेटचे जवळपास ८० मैल, जिथे रडारवर ५ मैलांत काम होतं. पायलट विनवतो की फार हादरे बसतायत, वर जाऊ द्या, आणि वरची लेव्हल खरं तर रिकामी असेलही पण मला दिसत नाही, म्हणून मी त्याला स्टँडबाय, म्हणजे थांब, सांगतो. आत दोन-तीनशे माणसं पट्टा घट्ट धरून बसलेली असतात हो. मला सॅटेलाइट हवंच.

निळंआभाळ:
@पट्टीवाला दादा, समुद्रावर हवंच, त्याला माझा विरोध नाही. पण जमिनीवर खर्च वाचवायला प्रायमरी काढायचं आणि सगळा भार जीपीएसवर टाकायचा? बाल्टिककडे आणि पूर्व भूमध्य समुद्रावर जीपीएसचं जॅमिंग (सिग्नल दाबणं, खोटे सिग्नल सोडणं) चाललंय, विमान प्रामाणिकपणे चुकीची जागा सांगतंय, ती ताडून कशाशी बघणार?

उंचझेप:
जॅमिंगचं मान्य. पण प्रायमरीवर उंची धड कळत नाही. २९ सप्टेंबर २००६ ला अमेझॉनवर बिझनेस जेटचा ट्रान्सपाँडर बंद होता, प्रायमरीवर ठिपका काही काळ दिसत होता तरी ३७ हजार फुटांवर ‘गोल’ या ब्राझिलियन कंपनीच्या प्रवासी विमानाशी, फ्लाइट १९०७ शी, टक्कर झालीच, १५४ जण गेले. टीकॅस, म्हणजे विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा, तीही ट्रान्सपाँडरवरच चालते, त्यामुळे तीही मुकी.

पट्टीवाला:
त्या जेटशी बराच वेळ रेडिओवर बोलणंही होत नव्हतं, ते विसरू नका. दिसत नसेल तर निदान ऐकू तरी यायला हवं. माझ्या सेक्टरला एचएफवर एक रीडबॅक (पायलटने सूचना परत म्हणून दाखवणं) तीन-तीनदा मागावा लागायचा, त्यावर कोणी बोलतच नाही.