मदत हवी आहे: दुसरं शहर लोखंडावर की नदीकाठी? (सिव्हिलायझेशन सिक्स, कॉम्प्युटरवरचा साम्राज्य उभारायचा गेम)

राजेहो, गॅदरिंग स्टॉर्म (याच गेमचं एक्स्पान्शन) खेळून राहिलो, माझा राजा रोमचा ट्राजन, अवघडपणाची लेव्हल किंग, मॅप छोटा. दुसऱ्या सेटलरले (शहर वसवणारी तुकडी) दोन जागा आहेत. नदीकाठी हाउसिंग (शहरात किती लोकं मावतात ते) 5 भेटते पण लोखंड आवाक्याबाहेर राहते. दुसरी जागा सरळ लोखंडाच्या टाइलवर (मॅपवरचं घर), पाणी नाही म्हणून हाउसिंग फक्त 2, पण खाण न करता लोखंड सुरू होते अन् लीजन (रोमचे खास पायदळ, त्यांले लोखंड लागते) लवकर निघतात. बाजूला डोंगर आहे, म्हणजे बाथ (पाणी आणून हाउसिंग वाढवणारं रोमचं खास बांधकाम) बांधता येईल, पण त्याले इंजिनिअरिंगचं तंत्र लागते अन् ते लई दूर.

शेजारी ग्रीस, शहर टेकडीवर. जुन्या सेव्हवरून नदीवाली जागा घेऊन पाहिली, वॉरियर अन् आर्चर घेऊन गेलो तोपर्यंत त्यानं भिंती उभ्या केल्या, बाणानं भिंतीच्या ताकदीचा पट्टा हलतच नाही अन् शहर उलटं आपल्यालेच मारते. मॉड (गेम बदलणाऱ्या डाउनलोड फाइली) नका सांगू, गावात नेट धड चालत नाही. नवीन मॅपही नको, हाच जिंकायचा आहे.

तर लोखंडावर बसून लीजनसोबत बॅटरिंग रॅम (भिंत फोडायचा ओंडका) न्यावा का नदीवर वाढून कॅटापल्टची (दुरून दगड फेकणारं यंत्र) वाट पाहावी? अन् रॅम नेला तर हल्ल्याले किमान किती लीजन पुरतात?