व्हिडिओ कन्व्हर्ट केल्यावर आवाज मागेपुढे होतो किंवा जातोच – तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. दोन महिने एकाच फाइलशी झटत होतो, काल रात्री जमलं, म्हणून हा धागा काढतोय. जुन्या कॅसेटी, मोबाईलचं शूटिंग, डीव्हीडी कन्व्हर्ट करताना तुमचाही आवाज मागे राहिला असेल नाहीतर आलाच नसेल तर नेमकं काय झालं होतं आणि कशाने सुटलं ते लिहा.

आधी माझं सांगतो. आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, १९९४ ची, दीड तासाची. एका स्टुडिओतून पेनड्राइव्हवर करून आणली. सुरुवातीला मंगलाष्टकं बरोबर, अंतरपाट सरकतो आणि वाजंत्री वाजते, सगळं जागच्या जागी. पण पुढे पंगतीत आजी उखाणा घेते तिथे आजीचे ओठ हलून थांबतात आणि मग आवाज येतो. आजी आता नाहीये, तिचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही, त्यामुळे ते तसं ठेवणं मनाला पटेना.

शेवटाकडे मोजलं तर आवाज ४ सेकंद मागे. आपली कॅसेट पाल (आपल्याकडच्या टीव्हीची जुनी पद्धत), म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं), म्हणजे १०० फ्रेम कुठेतरी गळाल्या. जुन्या टेपचा सिग्नल थरथरतो, कॅप्चर कार्ड (कॅसेटचा सिग्नल कॉम्प्युटरात घेणारं यंत्र) मधली फ्रेम सोडून देतं, आवाज मात्र चालूच राहतो. मी आधी ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज टेम्पोने (वेग बदलून) तेवढा आवळून बघितला, सुरुवात जुळली, शेवट जुळला, आणि उखाणा तसाच मागे! कारण फ्रेम सारख्या अंतराने गळलेल्याच नव्हत्या, जिथे टेप चुरगळली होती तिथे एकदम गळाल्या होत्या. शेवटी मावशीकडचा व्हीसीआर आणला, मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला, त्यातून सिग्नल सरळ होऊन पुढे जातो, आणि कॅसेट पुन्हा घेतली. आता उखाणा ओठांवर बसलाय. कॅसेट फेकली नव्हती म्हणून झालं हे, तेव्हा मूळ कॅसेट कुणीही टाकू नका.

टाळकरी
छान धागा दादा. आमच्या गावच्या सप्ताहाचं कीर्तन मी मोबाईलवर घेतो, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. दोन तासाचं कीर्तन, पहिल्या अभंगाला टाळ बरोबर आणि गजराला टाळ आपटतोय एकदा, ऐकू येतोय नंतर. मला वाटायचं रेकॉर्डरच खराब. मग मीडियाइन्फो (फाइलची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) मध्ये फाइल उघडली तर फ्रेम रेट मोड समोर व्हेरिएबल लिहिलेलं. मोबाईल अंधारात फ्रेम कमी करतो, उजेडात वाढवतो, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर धरून चालतं की सगळ्या सारख्याच अंतराने आहेत. आता एडिटला घ्यायच्या आधी हँडब्रेक या कन्व्हर्टर मध्ये टाकून व्हिडिओच्या पानावर कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडतो, मगच पुढे. आणि जुळवायला टाळासारखं दुसरं काही नाही, दोन्ही टाळ एकमेकाला भिडतात ती फ्रेम थांबवायची आणि आवाजाच्या पट्टीत जे टोक उभं दिसतं ते तिथे आणून ठेवायचं. टाळ नसतील तर शूटिंग सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. शेवटी पण एक वाजवा, म्हणजे घसरलं का ते लगेच कळतं.

शाळेतली ताई
माझं आवाज गायब प्रकरण. नववीच्या गणिताचे धडे ओबीएस (स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) वर रेकॉर्ड केले, मुलांना पाठवले, तर सगळ्यांचा एकच निरोप, बाई आवाज नाही. माझ्या एडिटरमध्ये तर येत होता! कारण माइक मी दोन नंबरच्या ट्रॅकवर ठेवलेला आणि पहिला ट्रॅक कॉम्प्युटरच्या आवाजाचा, तो मुका. मोबाईलचे प्लेअर पहिलाच ट्रॅक वाजवतात. व्हीएलसी प्लेअर मध्ये ऑडिओ ट्रॅक बदलून बघितला आणि माझा आवाज आला तेव्हा इतकं हायसं वाटलं, कारण अकरा धडे परत घ्यावे लागणार होते. एमकेव्हीटूलनिक्स (फाइलमधले ट्रॅक काढा-घालायचं सॉफ्टवेअर) मध्ये पहिल्या ट्रॅकची खूण काढून टाकली आणि फाइल परत बांधली. व्हिडिओ परत एन्कोड होत नाही, त्यामुळे मिनिटभरात काम होतं आणि चित्र खराब होत नाही.

नेपथ्य
आमच्या हौशी नाटकाची डीव्हीडी. त्यात व्हीओबी नावाच्या व्हिडिओ फाइली असतात, साधारण १ जीबीचा एकेक तुकडा. मी प्रत्येक तुकडा वेगळा कन्व्हर्ट करून मग जोडला, दर जोडाला आवाज थोडाथोडा सरकत गेला, तिसऱ्या अंकात तर प्रॉम्प्टर बोलतोय असं वाटायचं. ते तुकडे स्वतंत्र नसतातच, मधून कापलेलं एकच सलग चित्र असतं. मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने पूर्ण टायटल (डीव्हीडीवरचा सलग व्हिडिओ) एका फाइलमध्ये काढलं, मग कन्व्हर्ट केलं, प्रश्न मिटला.

न्यू जर्सीकर
इकडच्या कॅमेऱ्याचा अनुभव. मंडळाच्या गाण्याच्या कार्यक्रमाला चित्र कॅमेऱ्याचं, आवाज मिक्सरवरून घेतलेला. तासाभराने आवाज साडेतीन सेकंदांहून थोडा जास्त मागे, आणि तो वाढतोय अगदी सरळ रेषेत. हा आकडा बघितला की ओळखायचं, कॅमेऱ्याचं चित्र सेकंदाला २९.९७ फ्रेमचं आणि एडिटिंगचा प्रोजेक्ट ३० चा आहे. फरक हजारात एकाचा, म्हणजे तासाला ३.६ सेकंद. क्लिपचा फ्रेम रेट २९.९७ केला की विषय संपला. भारतातून २५ चं फुटेज मागवून इकडच्या प्रोजेक्टमध्ये टाकणाऱ्यांनी पण हे आधी बघावं.

मीनमेख
फाइलला हात लावायच्या आधी ब्लूटूथ हेडफोन काढून वायरवर ऐका. माझी बहीण आठवडाभर एक चांगली फाइल परत परत कन्व्हर्ट करत होती आणि उशीर हेडफोनचा होता. दुसरं, फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर व्हीएलसी मध्ये जे आणि के दाबून बघा, एकेका दाबाला ५० मिलिसेकंद सरकतं. ते फक्त बघण्यापुरतं असतं, फाइल बदलत नाही. जो आकडा जुळेल तो एमकेव्हीटूलनिक्सच्या डिले मध्ये टाकला की कायमचं. फरक वाढत जात असेल तर मात्र डिलेने काही होणार नाही, वेळ घालवू नका.

गावाकडची
आमच्या टीव्हीवर पेनड्राइव्ह लावला की चित्र येतं आणि आवाजच नाही, लॅपटॉपवर मात्र येतो. हे कशाने?

शाळेतली ताई
ताई, आवाज बहुतेक डीटीएस नावाच्या फॉरमॅट मध्ये असेल, बऱ्याच टीव्हींना तो वाजवता येत नाही. मीडियाइन्फोत ऑडिओचा फॉरमॅट बघा. एफएफएमपेग या कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरला सांगता येतं की व्हिडिओ आहे तसा कॉपी कर आणि फक्त आवाज एएसी या फॉरमॅटमध्ये कर. नवीन फाइल आधी टीव्हीवर शेवटपर्यंत वाजवून बघा, तोवर जुनी पुसू नका.

गावाकडची
डीटीएसच लिहिलंय. रात्री करून बघते आणि इथेच सांगते.