आयसीयूतल्या डॉक्टरनं संशोधन का करावं

"आयसीयूतल्या डॉक्टरनं पेशंट बघावेत, फुफ्फुसाच्या सुजेवर संशोधन कशाला?" असं एका दादांनी विचारलंय. मला अगदी उलट वाटतं. मी नागपुरात लहान मुलांच्या आयसीयूत नर्स आहे. पावसाळा सरता सरता गडचिरोली, छिंदवाड्याकडून स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किडा चावून होणाऱ्या जंतूच्या तापाची लेकरं येतात. काखेत, जांघेत, कानामागं त्या चाव्याचा काळ्या खपलीचा डाग शोधायचा. सापडला की डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लगेच सुरू. तरी काहींचा श्वास बिघडतच जातो. कारण तिथं नुसता जंतू नसतो. त्याच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशीच फुफ्फुसाच्या नाजूक पडद्याला इजा करतात आणि वायुकोशांत पाणी झिरपतं. प्रतिकारशक्ती दाबली तर जंतू माजतो, मोकळी सोडली तर फुफ्फुस जातं. मग प्रतिकारशक्ती दाबणारं स्टिरॉइड कोणाला द्यायचं, कधी? हा प्रश्न बेडजवळ उभं राहणाऱ्यालाच छळतो.

फुफ्फुसात असं पाणी झिरपून श्वास बिघडतो त्याला एआरडीएस म्हणतात. मुलांच्या एआरडीएसची स्वतंत्र व्याख्या २०१५ साली आली, तोवर मोठ्यांचेच निकष! व्हेंटिलेटरवर छोटे श्वास दिले तर जीव वाचतात हे २००० सालच्या मोठ्या अभ्यासानं दाखवलं, तेही प्रौढांवरच. असं संशोधन करणारे डॉक्टर आपल्या नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांतही वाढायला हवेत. पेशंट तर इथंच आहेत.