तुमच्या घरात 'चार दिवस सासूचे' कोण बघायचं?

शहापूरची लेक:
काल टीव्हीवर 'गांधी' लागलेला. कस्तुरबा दिसल्या आणि आई भाजी निवडता निवडता ओरडली, "अगे ही देशमुखांची सासू की!" म्हटलं रोहिणी हट्टंगडींना या कामासाठी बाफ्टा मिळालाय गे, तर म्हणे असूंदे, सुनेला, अनुराधेला किती छळलं. मालिका २००१ ला सुरू झाली, २०१३ च्या जानेवारीत संपली, आईची अजून चालूच आहे.
आमच्या शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या, मराठी फक्त बाजारापुरतं. शेंगांचं सूप मांडीवर घेऊन उंबऱ्याजवळ बसायच्या, फोडलेल्या शेंगा सुपात, टरफलं पदरात, आणि जाहिरात लागली की आईला, "एनंदळू री?", म्हणजे काय म्हणाली हो ती? दोनेक वर्षांत मराठी आलं त्यांना, पण बेळगावचं नाही, थेट देशमुखांच्या घरातलं. आम्ही "काय करूलालीस गे" म्हणणार आणि अक्का आईला, "सूनबाई, आपण चहा घेणार का?"
लिहा तुमचं पण.

निपाणीकर:
आमच्यात लाईट जायची नेमकी. मग आई कोल्हापूरला मावशीला फोन लावून पुढं काय झालं विचारायची, एसटीडीचं बिल बघून बाबांची मालिका सुरू 😂

खासबागवाला:
घरात चार माग. खटखटीत डायलॉग ऐकू येईना म्हणून आजी खालचे दोन बंद करायला लावायची, आजोबा म्हणायचे अर्धा तास बंद म्हणजे पातळ मागं पडतंय, आजी म्हणायची पडूंदे. आता माग पण नाहीत, दोघं पण नाहीत.

टिळकवाडीची सून:
@खासबागवाला 🙏
मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई बघायच्या. मला दोन पोरं झाली, सासूबाई गेल्या, मालिका चालूच. ३००० च्या वर भाग हो! एक दिवस बघते तर त्यांच्याच खुर्चीत बसून मी अनुराधेला शिव्या घालूलाले, आधी तिच्या बाजूची होते मी.

खानापूरचा भाऊ:
मी 'आभाळमाया'वाला, अल्फा मराठी. ती वेळेवर संपली तरी.

वडगावकर:
बाबांना ई टीव्ही कन्नडवरचं 'मुक्ता' पायजे, टी. एन. सीताराम काळा कोट घालून कोर्टात उभे राहिले की बाबा पण ताठ बसायचे. आईला ई टीव्ही मराठी. दोन्ही चॅनेल तेव्हा रामोजी रावांचेच, म्हणजे आमच्या घरातलं भांडण हैदराबादहून लावलेलं. एकदा केबलवरनं मराठी चॅनेलच गायब झालं, केबलवाला फोन उचलेना. बाबा म्हणाले हे चार दिवस सासऱ्याचे.

निपाणीकर:
@वडगावकर 😂😂 बाबांना नमस्कार सांगा

टिळकवाडीची सून:
विषय सोडून विचारते, मांडे करून देणारं कोण आहे काय? पुतणीचं लग्न आहे, घरी केलेले सगळे फाटूलालेत.

खासबागवाला:
आत्याला विचारून सांगतो. किती पायजेत?

शहापूरची लेक:
अक्का कुठं आहेत विचारलंय एकीनं मेसेजमध्ये. धारवाडला, लेकाकडं. परवा फोन केला तर, "सूनबाईंची प्रकृती कशी आहे?" आई म्हणाली, "चन्नाग अदिनी री", बरी आहे म्हणून. कुकर झाला, आले.

टिळकवाडीची सून:
@खासबागवाला पन्नास. पातळ पायजेत हं.