मेलॉर वगळला तिथेच 'हाउस ऑफ द ड्रॅगन' पुस्तकापासून तुटली

गोदाकाठ:
या आठवड्यात दुसरा सीझन परत सलग पाहिला आणि लगेच 'फायर अँड ब्लड'मधली तीच पानं काढून बसले. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पावणेदोनशे वर्षं आधीची, टारगेरियन घराण्यातल्या भाऊबंदकीची ही गोष्ट. जॉर्ज मार्टिन यांचं पुस्तक २०१८चं, मालिका २०२२पासूनची. पहिला सीझन मला मनापासून आवडला होता. दुसऱ्याच्या पहिल्याच भागात जे झालं ते अजून पचलेलं नाही.

पुस्तकात काय आहे ते सांगते. गादीवर हक्क सांगणाऱ्या रेनीराचा मुलगा मारला गेला, त्याच्या बदल्यात मुलगा हवा म्हणून दोन मारेकरी राजवाड्यात शिरतात. विरोधी पक्षाच्या राजाची बायको हेलेना राणी रोज झोपण्याआधी मुलांना आजीकडे, म्हणजे ॲलिसंटकडे घेऊन जाते, हे त्यांना ठाऊक असतं. ते आजीला बांधून तिच्याच खोलीत वाट बघत बसतात. हेलेना आली की म्हणतात, दोन मुलांपैकी एक निवड. जेहेरिस सहा वर्षांचा, मेलॉर दोन वर्षांचा. ती म्हणते मला मारा. ते ऐकत नाहीत. शेवटी ती मेलॉरचं नाव घेते, बहुतेक तो इतका लहान आहे की त्याला काही कळणार नाही म्हणून. मग मारेकरी त्या पोराच्या कानाशी लागून सांगतो की तुझ्या आईला तू मेलेला हवा आहेस, आणि मारतात मोठ्याला. त्यानंतर हेलेनाला मेलॉरच्या तोंडाकडे बघवत नाही. त्याला आजीच सांभाळते.

मालिकेत मेलॉर जन्मालाच आलेला नाही. जेहेरिस आणि त्याची जुळी बहीण यांच्यापैकी मुलगा कोणता, एवढंच हेलेना बोटाने दाखवते.

पुस्तकात पुढे मेलॉर जमावाच्या हाती सापडून मरतो, ती बातमी येते आणि हेलेना खिडकीतून उडी घेते, तिच्या मरणाने राजधानी पेटते. ही साखळी एका दोन वर्षांच्या पोरापासून सुरू होते. ४ सप्टेंबर २०२४ला खुद्द मार्टिन यांनी हे सविस्तर लिहिलं होतं, नंतर ते काढून टाकलं गेलं. एवढ्या लहान मुलाला घेऊन शूटिंग करणं अवघड आणि खर्चाचं, असं कारण त्यांना देण्यात आलं होतं. अडचण खरीच असेल. पण आगीतून उडणारे ड्रॅगन उभे करणाऱ्यांना आईच्या कडेवरचं एक मूल जड व्हावं?

पंचवटीकर:
ताई, प्रसंग तुम्ही अंगावर काटा येईल असा मांडलात, पण निकाल पटला नाही. पुस्तकाशी ताडून मालिका जोखायची, तर मग रेनीराचे वडील राजा व्हिसेरिस यांचं काय करायचं? पुस्तकात तो सुखवस्तू, खाण्यापिण्याचा शौकीन, सगळ्यांना खूश ठेवणारा राजा. मालिकेतल्या पहिल्या सीझनचा आठवा भाग आठवा. अर्धा चेहरा गेलेला, काठी टेकत तो सिंहासनाकडे निघतो, पायऱ्यांवर मुकुट पडतो आणि ज्या भावाशी जन्मभर वाकडं होतं तो डेमन मुकुट उचलून त्याच्या डोक्यावर ठेवतो. यातलं काहीही पुस्तकात नाही. मार्टिन यांनीच कबूल केलं की मालिकेतला व्हिसेरिस आपल्यापेक्षा सरस उतरला.

आणि आपण पंचवटीत राहणाऱ्या माणसांनी तर हे समजून घ्यायला हवं. सीतागुंफेच्या रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, लक्ष्मणरेषा सांगेलच. वाल्मीकींच्या रामायणात ती रेषा नाही, ती पुढच्यांनी घातली. आज रेषेशिवाय सीताहरण कुणाला सांगता येईल का? मूळ संहितेत नाही म्हणून आपण ती पुसली नाही.

गोदाकाठ:
व्हिसेरिसबद्दल शंभर टक्के मान्य. तो भाग बघताना मीही रडले होते.

पण लक्ष्मणरेषेचं उदाहरण माझ्या बाजूने जातं, दादा. त्या रेषेने सीतेला एक क्षण दिला: दारात याचक उभा आहे, ओलांडू की नको? आधी तिला नुसतं उचलून नेलं होतं, रेषा आल्यावर तिच्यापुढे प्रश्न उभा राहिला. मालिकेने हेलेनाच्या बाबतीत नेमकं उलट केलं. तिच्यापुढचा प्रश्न काढून घेतला. भर घातली म्हणून माझी तक्रार नाहीच. माणसाला पेचात टाकणारी गोष्ट होती, ती सोपी केली, ही आहे.

सावाना सभासद:
मी या वादात पुस्तकाच्याच बाजूने उभं राहायला हवं, कारण सार्वजनिक वाचनालयात अर्धं आयुष्य गेलंय. तरी मालिकेच्या बाजूने लिहितो.

'फायर अँड ब्लड' ही कादंबरी नाहीच, ती बखर आहे. गिल्डेन नावाचा एक विद्वान कित्येक पिढ्यांनंतर कागदपत्रं समोर ठेवून लिहितोय. त्याचे साक्षीदार तीन. युस्टस हा धर्मगुरू, त्याचा कल हिरव्या पक्षाकडे, म्हणजे ॲलिसंट-हेलेनाच्या बाजूकडे. मंकनने दुसऱ्याच्या कबुलीजबाबावरून लिहिलेलं. आणि मश्रूम, तो दरबारातला ठेंगणा विदूषक, ज्याला प्रत्येक बंद दारामागे काहीतरी अश्लील दिसतं. एकाच घटनेची तिघं तीन कारणं देतात आणि गिल्डेन म्हणतो, वाचकांनी ठरवावं. मग मालिकेने 'पुस्तकाशी इमान' राखायचं म्हणजे यातल्या कुणाशी?

आपल्याकडे हे घडून गेलंय. मल्हार रामराव चिटणीसांनी बखर लिहिली ती संभाजीराजे गेल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी, आणि त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनीच देहदंड दिलेला. त्या शाईतून कसा राजा उतरणार? पिढ्यान्‌पिढ्या तोच उतरला. वा. सी. बेंद्र्यांचा संभाजीराजांवरचा चरित्रग्रंथ १९६०मध्ये आला तेव्हा कुठे चित्र पालटू लागलं. आणि दोनच वर्षांनी आपल्या नाशिकच्या वसंत कानेटकरांनी 'रायगडाला जेव्हा जाग येते' लिहिलं. नाशिकच्या एचपीटी कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या या माणसाने इतिहासाच्या सांगाड्यात बाप आणि मुलगा शोधला. त्या बापलेकातले संवाद कुठल्या दप्तरात सापडणार होते? नाटककाराने ते रचले, आणि आपण टाळ्या वाजवल्या.

रेनीरा आणि ॲलिसंट पुस्तकात मैत्रिणी नाहीत, वयात नऊ वर्षांचं अंतर आहे, सावत्र आई आणि सावत्र मुलगी एवढंच नातं. मालिकेने त्यांना एका झाडाखाली एक पुस्तक वाचणाऱ्या मुली केलं. सगळी कागदपत्रं पुरुषांनी लिहिलेली असताना दोघींच्या मनात काय होतं हे लिहून ठेवणार कोण? ती जागा रिकामीच होती.

सातपूर सेकंड शिफ्ट:
मी पुस्तक वाचलेलं नाही, फक्त पाहिलेलं सांगतो. सोमवारी सकाळी भाग यायचा, कामावर जायच्या आधी मी बघून घ्यायचो. त्या दिवशी कंपनीत दिवसभर डोकं चाललं नाही.

ताई, तुम्ही म्हणता नुसतं बोट दाखवलं. मला तेच सहन झालं नाही. मारेकऱ्यांना दोन झोपलेल्या मुलांत मुलगा ओळखता येत नाही. हेलेना गळ्यातला हार काढून देऊ करते, तो नको म्हणतात. ती बोट दाखवते. त्यांना वाटतं ही खोटं बोलतेय, आई खरं कसं सांगेल? आणि तिने खरंच सांगितलेलं असतं. मग मुलीला उचलून ती जिन्याने खाली आईच्या खोलीत जाते आणि हळूच सांगते की त्यांनी मुलाला मारलं. आरडाओरडा नाही, काही नाही. माझ्या बहिणीला जुळी आहेत, मुलगा-मुलगी, दुपट्यात ठेवली की कोण कुठलं कळायचं नाही. प्रश्न तिच्यापुढे नव्हता असं मला तरी वाटलं नाही.

सिन्नरची वाट:
मेलॉरपेक्षा माझा जीव नेटल्सवर आहे आणि तिच्याबद्दल इथे कुणीच बोललं नाही.

पुस्तकातली ही पोर अनाथ, सावळी, चोऱ्या करून जगणारी. राजघराण्याचे रुपेरी केस नाहीत. शीपस्टीलर नावाचा रानटी ड्रॅगन कुणाला जवळ येऊ देत नाही, माणसं जळून मरतात. ती काय करते, रोज सकाळी एक ताजी मेंढी मारून त्याच्यापुढे टाकते. रोज. त्याला तिच्या येण्याची सवय होईपर्यंत. आमच्या शेतात धनगर मेंढरं बसवायला यायचे. वाड्यावरचं बुजरं कुत्रं आम्ही पोरं असंच भाकरीचे तुकडे टाकून माणसाळवायचो, पंधरा दिवस लागायचे. लेखकाला ही गोष्ट ठाऊक आहे हे वाचताना कळतं.

मालिकेत दुसऱ्या सीझनच्या अखेरीला शीपस्टीलरच्या मागे डोंगरात एकटी फिरते ती रेना, डेमनची मुलगी, राजकन्या. मान्य, ह्यू आणि उल्फ या साध्या माणसांनाही ड्रॅगन मिळाले, पण एका संध्याकाळच्या होरपळीत, आणि तेही राजरक्ताच्या अनौरस वंशाचे म्हणून. रक्त नसताना चिकाटीवर ड्रॅगन मिळू शकतो का, ही शंका नेटल्समुळे राहते. सावाना दादा, तुमच्या बखरकाराने पुरुष असूनही एका भटक्या पोरीला जागा दिली होती. ती जागा रिकामी नव्हती, मालिकेने ती काढून घेतली.

सावाना सभासद:
यावर माझ्याकडे उत्तर नाही. नेटल्सचं मलाही लागलंय. रेनाला काहीतरी काम द्यायचं म्हणून दुसरीचं तोडून दिलं, हे नाटकाच्या हिशेबानेही कच्चं आहे.

पंचवटीकर:
मी व्हिसेरिसवर ठाम आहे. पण शेवटच्या भागात ॲलिसंट एकटी रेनीराच्या ड्रॅगनस्टोन किल्ल्यावर येऊन रेनीराला राजधानी आणि स्वतःचा मुलगा देऊ करते, ते मलाही पटलं नव्हतं. एवढ्या पहाऱ्यातून ती पोचलीच कशी, याच विचारात पुढचे संवाद गेले.

गोदाकाठ:
सातपूर दादा, तुमचं वाचून काल रात्री तो प्रसंग परत लावला. जिन्याचा भाग मी आधी नीट पाहिलाच नव्हता, रागाच्या भरात. मुलगी तिच्या खांद्यावर आहे आणि हेलेना पायरी बघून पाय टाकतेय, पोर जागी होऊ नये म्हणून. ते फार मोठं काम आहे त्या नटीचं, आणि ते पुस्तकात नाही.

तरी मेलॉर मला हवाच. जिना उतरून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याच्याकडे तिला बघवणार नाही, असं त्या घरात आता कुणीच उरलेलं नाही.