संधिवाताला आराम हराम!

ताठकणा
हे नाव गमतीने घेतलेलं नाही. मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे मणक्यांची आणि माकडहाडाजवळच्या सांध्यांची सूज. 26 व्या वर्षी सुरू झालं आणि निदानाला सहा वर्षं गेली. तोवर डॉक्टरांपासून मालिशवाल्यापर्यंत सगळ्यांचा सल्ला एकच: आराम करा. एकांनी तर तीन आठवडे फळीवर झोपवलं. उठलो तेव्हा स्वतःचे मोजे घालता येईनात.

आता 41 चा आहे. पहाटे चारला दुखण्यानेच जाग येते. कंबर धरलेली असते, मान वळवायची तर अख्खं धड वळवावं लागतं. तसाच पडून राहिलो तर नऊ वाजेपर्यंत अंग मोकळं होत नाही. उठून कढत पाण्याने आंघोळ करतो, मग ओणवा होऊन मांजरासारखी पाठ वर-खाली, भिंतीला टाचा, पाठ आणि डोकं टेकवून उभं राहणं, आणि छाती फुगवून दीर्घ श्वास (बरगड्यांचे सांधेही आखडतात, हे कुणी सांगत नाही). अर्ध्या तासात माणसात येतो. संध्याकाळी पोहणं.

बायको काळजीपोटी म्हणते, "आज तरी पडून राहा." माझं मत: या दुखण्यात इतकं घातक वाक्य दुसरं नाही. पटतंय का?

चिमणीचा खोपा
तुमचा अनुभव खरा, पण शीर्षक वाचून डोकं फिरलं. मला रुमॅटॉइड आहे, म्हणजे हातापायांच्या सांध्यांना सूज आणणारा संधिवात, 14 वर्षं. आजार उसळतो तेव्हा मनगटं सुजून गरम लागतात. कणीक मळणं सोडाच, कुकरचं झाकण निघत नाही. आणि नेमकं त्याच दिवशी घरातलं कुणीतरी ऐकवतं, "हालचाल नाही म्हणून आखडतेस." असे धागे फिरत फिरत आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतात, दादा.

एकदा ऐकलं त्यांचं. सुजल्या मनगटांवर भार टाकून बारा सूर्यनमस्कार घातले. पुढचे पाच दिवस माझी वेणी लेक घालत होती. तुमच्या कण्याचा कायदा माझ्या मनगटांना लावू नका.

अर्धपद्मासन
दोघांचंही चुकतंय असं नम्रपणे वाटतं. मूळ उपाय योग. गोळ्या सूज दाबतात, मुळाशी जात नाहीत. रोज पाच मिनिटं शीर्षासन करून औषधं हळूहळू सोडलेले लोक मी पाहिलेत.

सातारकर_फिजिओ
अर्धपद्मासन, नम्रपणे सांगितलंत म्हणून घातक ते घातक राहायचं थांबत नाही. रुमॅटॉइडमध्ये मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर सैल होऊ शकतात. तिथे डोक्यावर शरीराचा भार म्हणजे मज्जारज्जूशी खेळ. ताठकणांच्या आजारात उलट, मणके हाडाने सांधले जातात, पण तो कणा आतून ठिसूळ असतो, साध्या पडण्यानेही मोडू शकतो. म्हणून शीर्षासन नको आणि न्हाव्याकडे मान कडकन मोडून घेणंही नको. औषधं सोडण्याबद्दल तर बोलायलाच नको. सूज औषधाने आटोक्यात येते, व्यायामाने हालचाल टिकते. दोन वेगळी कामं आहेत.

आता खोपाताई. आरामाने वाढणारं आणि हालचालीने कमी होणारं कंबरेचं दुखणं ही ताठकणांच्या आजाराची खूणच आहे, त्यामुळे त्यांचं बरोबर. पण तुमच्याकडेही पूर्ण आराम मला मान्य नाही. एके काळी रुमॅटॉइडच्या रुग्णांना आठवडेच्या आठवडे खाटेवर ठेवत. स्नायू झिजत आणि सांधे आणखी उघडे पडत. नेदरलँड्समधल्या 'रॅपिट' अभ्यासात (2003) सुमारे 300 रुग्ण होते. निम्म्यांनी दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा सव्वा तास चांगला घाम काढला. त्यांची कामं करण्याची ताकद वाढली, आजार भडकला नाही.

चिमणीचा खोपा
तोच अभ्यास पूर्ण सांगा ना. ज्यांचे मोठे सांधे आधीच बरेच झिजले होते, त्यांच्यात ती झीज थोडी जास्त वाढलेली दिसली होती. माझा उजवा गुडघा त्याच रांगेत बसतो.

सातारकर_फिजिओ
मान्य, ते सांगायला हवं होतं. म्हणून तुमच्यासारख्यांना उड्या आणि जिने नकोत, पाण्यातला व्यायाम किंवा सायकल बरी. उसळलेल्या दिवशी सुजलेला सांधा दिवसातून एक-दोनदा हळूच, जमेल तिथपर्यंत फिरवायचा, एवढंच. आणि व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणं आधीपेक्षा जास्त असेल तर त्या दिवशी अति झालं, पुढच्या वेळी कमी करायचं.

सहा_अकराची_लोकल
कढत पाणी, मांजर, भिंत, पोहणं... ताठकणासाहेब, घरात डबे कोण भरतं? मलाही तुमचाच आजार आहे. पाच वाजता गॅसपाशी उभी असते आणि 6:11 ला लोकलमध्ये. इमारतीत पाणी साडेपाचला येतं. तुमचा अर्धा तास मी कुठून आणू?

ताठकणा
डबा बायको भरते. खरं ते खरं. भिंतीचा व्यायाम ओट्यापाशी दोन मिनिटांत होतो, श्वासाचा गाडीत उभ्या उभ्या. पण यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

सहा_अकराची_लोकल
गाडीत छाती फुगवायला जागा मिळाली की कळवते.

ताठकणा
:) खोपाताई, चूक माझी. मराठीत सगळ्यालाच संधिवात म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. शीर्षकातला 'संधिवाताला' काढून 'कण्याच्या सुजेला' करतो. 'आराम हराम' मात्र ठेवतो.

चिमणीचा खोपा
ठेवा. खाली माझा आक्षेपही राहू द्या. आणि उद्या पहाटे वहिनी "पडून राहा" म्हणाल्या, तर त्यांना आधी चहा करून द्या, तेवढीच हालचाल.