टीव्ही बदलण्याआधी सेटिंग बघा
४३ इंची फोरके टीव्ही संगणकाला जोडला की लाल अक्षरांच्या कडा विरघळतात, अशी एकाची तक्रार आहे. टीव्ही खराब नाहीये हो! बरेच टीव्ही रंगाची माहिती निम्मी-पाव करून दाखवतात. सिनेमात ते कळत नाही, एक्सेलमध्ये लगेच खुपतं. संगणक जोडलाय त्या एचडीएमआय इनपुटचं नाव टीव्हीच्या सेटिंगमध्ये बदलून 'पीसी' करा, कित्येक सेटवर एवढ्यानेच ४:४:४, म्हणजे रंगाची माहिती न कापता पूर्ण दाखवणं, सुरू होतं. शार्पनेस उतरवा, ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणारी सेटिंग) बंद. माउस रेंगाळत असेल तर गेम मोड. फोरके ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रं) पूर्ण रंगात हवं तर एचडीएमआय २.० दोन्हीकडे लागतं, लॅपटॉपलासुद्धा. ३२ इंची फुल एचडी मात्र टेबलावर नकोच. इंचाला जेमतेम ६९ ठिपके, जवळून डोळे शिणतात.